चित्रांच्या पुस्तकांतून लहानग्यांना वळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मंडळात आजवर मी सतरंज्या अंथरल्या, कपबश्या मोजून घेतल्या, भिशीची वही लिहिली. भाषण हे शिकलेल्या बाईचे काम, आणि मी तर सातवीनंतर शाळेची पायरी चढलेली नाही. पण चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सोप्यात संध्याकाळी गल्लीतली पोरं चित्रांची पुस्तकं बघत बसतात. पुस्तकांतनं मुलांना चांगलं वळण कसं लावायचं, ते सांगा." त्यांना नाही म्हणणे जमले नाही. मात्र होकार देताना एक गोष्ट मनाशी ठरवली. जे घडले ते घडले तसे सांगायचे, स्वतःची बाजू झाकायची नाही.

आमच्या धाकट्या जाऊबाई नोकरीला जातात. त्यांची मुलगी सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्यापाशी असते. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात आणि मला ती 'मोठाई' म्हणते. आज ती साडेतीन वर्षांची आहे. मी सांगते तो प्रसंग घडला तेव्हा पावणेतीनची होती.

आपल्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी येते. गाडीबरोबर कचरा घ्यायला एक बाई असतात, वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी तरी वडील. एका रविवारी घंटा वाजली. जाऊबाई त्या दिवशी घरीच होत्या. चिमणी धावत उंबऱ्यावर गेली, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा हवेत नाचवून ओरडली, "ए घंटागाडी! थांब की गं! कान फुटलेत काय तुझे?"

जाऊबाई आतून आल्या आणि त्यांनी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "कुणी शिकवलं गं हे तुला?" असे विचारले. चिमणी रडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तांदूळ निवडत होते. मी मान वर केली नाही.

बहिणींनो, ते शब्द माझे होते. तो हातवारा माझा होता. कमरेवरचा हातसुद्धा माझाच होता. आणि मार मात्र पावणेतीन वर्षांच्या पोरीने खाल्ला.

त्या दिवशी खरे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याऐवजी, पोरीला वळण लावले पाहिजे, असे मी सगळ्यांच्या देखत जाहीर केले! दुसऱ्या दिवशी बाजारातून चांगल्या सवयींचा एक मोठा रंगीत तक्ता आणला आणि भिंतीला लावला. त्यात एक गोरागोमटा मुलगा दात घासतो, आईवडिलांच्या पाया पडतो, वडील माणसांना उठून जागा देतो. जोडीला एक पुस्तकही आणले. त्यात ससा, अस्वल आणि हत्ती एकमेकांना 'कृपया' आणि 'धन्यवाद' म्हणत होते.

मग सुरू झाला माझा जाच. चिमणीने भात सांडला की, "बघ, तक्त्यातला बाळ सांडतो काय?" पाहुण्यांपुढे ती लाजली की, "बघ, ससा कसा नमस्कार करतो!" पंधरा दिवसांत पोरीने त्या पुस्तकाची दोन पाने फाडली. तक्त्यातल्या मुलाच्या तोंडावर खडूने काळे फासले. मी रागावले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, तिने केले ते बरोबरच केले. दुसऱ्याच्या चांगुलपणाची काठी करून कोणी उठताबसता आपल्याला टोचू लागले, तर आपण तरी काय केले असते?

पुस्तकातल्या भाषेचीही एक अडचण होती. 'कृपया' आणि 'धन्यवाद' हे शब्द वाईट नव्हेत. पण आपल्या पेठेत कोण बोलते ते? दुकानात जाऊन "कृपया पावशेर साखर द्या" असे म्हटले, तर दुकानदार आपल्याकडे वळून बघेल. आपण म्हणतो, "साखर द्या की." त्या एवढ्याशा 'की'मध्ये सगळी विनवणी असते. "या की, बसा की, चहा घ्या की." घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतो. "जेवलासा काय?" हा आपला नमस्कारच आहे. वडील अनोळखी बाई ही मावशी आणि वडील अनोळखी पुरुष हा मामा किंवा काका. ही आपली सभ्यता आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकाइतकीच सुंदर आहे. एका पुस्तकातली मुलगी "मी आले" म्हणाली, तेव्हा चिमणी मला सांगू लागली, "मोठाई, आलो म्हण की!" कारण आपल्या कोल्हापुरात आपण बायकाही 'मी आलो, मी जेवलो' असेच बोलतो. मी हसले आणि पुढे वाचताना 'आलो' म्हणू लागले. त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा पुस्तकाजवळ सरकून बसली.

माझी धाकटी नणंद बालवाडीचा अभ्यासक्रम शिकलेली आहे. दिवाळीला ती आली तेव्हा तो तक्ता पाहून हसली. तिने मला इटलीतल्या मारिया मॉन्टेसोरीबाईंची एक हकिकत सांगितली. 1907 साली रोम शहरात सॅन लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत बाईंनी बालगृह उघडले. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरायचे ते दाखवले. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता नाक कसे पुसायचे, एवढेच. मुले श्वास रोखून पाहत राहिली आणि धडा संपताच टाळ्या वाजवू लागली. का बरे? तर त्या पोरांना नाकावरून सगळ्यांनी आजवर नुसते हिणवले होते, पण ते स्वच्छ करावे कसे, हे कोणी मान राखून दाखवले नव्हते. ही हकिकत ऐकून मी गप्प झाले. "शेंबडी कुठली!" असे मी चिमणीला किती वेळा म्हटले असेन त्याची गणती नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अशा बाया झाल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी लहान मुलांचे काम सुरू केले. हाताशी होत्या अनुताई वाघ. गरीब घरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घातले, नखे कापली, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणवाडी हा शब्द त्यांच्याच कामातून रूढ झाला, आणि 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली तेव्हा तो देशभर पोचला. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि धाकाशिवाय मुले आनंदाने शिकतात हे दाखवून दिले. म्हणजे शिकण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. शिकायचे ठरवले की झाले.

आणि चित्रांवरून मुलांना सांगणे हे आपल्याला काही नवे आहे काय? श्रावणात आपण देवापाशी जिवतीचा पट लावतो. त्यात नरसिंह असतो, कालियावर नाचणारा कृष्ण असतो, हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात आणि मुलांना मांडीवर घेतलेल्या, पाळणा हलवणाऱ्या जिवत्या असतात. लहानपणी आजीच्या कडेवर बसून त्यातली बाळे मी मोजली आहेत. खाली कोकणात कुडाळजवळ पिंगुळी गावचे ठाकर लोक चित्रकथी करतात. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवणारा, गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा असे तिघे जवळ बसतात, ही त्यातली खरी गोम. मोबाईलवरही चित्रे पुष्कळ हलतात. पण तिथे पोर एकटे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून अधिक बसवू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच. आणि एक वर्षाच्या बाळाला तर तो दाखवूच नये. मी ही गोष्ट दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी सांगत नाही. भाकरी थापताना पोर गप्प बसावे म्हणून मीही मोबाईल हातात दिलेला आहे.

नणंदेने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला फार पटल्या. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितलेली आहे. खोटे बोललास तर लांडगा खाईल! कॅनडातल्या टोरांटो शहरातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगून पाहिली. खोटे बोलल्यावर नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याचीही गोष्ट सांगितली. तिसरी गोष्ट सांगितली अमेरिकेच्या वॉशिंग्टनची. लहानपणी त्याने वडिलांचे चेरीचे झाड तोडले, पण विचारल्यावर कबूल केले आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचे कौतुक केले. हे संशोधन 2014 साली छापून आले. लांडग्याच्या नि बाहुल्याच्या गोष्टीने मुले काही अधिक खरे बोलू लागली नाहीत. वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र बोलू लागली. म्हणजे भीतीने जे साधले नाही ते कौतुकाने साधले.

दुसरी गोष्ट 2017 सालची, तीही त्याच शहरातली. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली. एका पुस्तकात कपडे घातलेले प्राणी होते, दुसऱ्यात माणसांची मुले. नंतर, आपल्याला मिळालेल्या स्टिकरांपैकी काही दुसऱ्या मुलाला देशील का, असे विचारले. माणसांचे पुस्तक ऐकलेल्या मुलांनी अधिक दिली. प्राण्यांचे ऐकलेल्यांनी तितकी दिली नाहीत. ही मुले आपल्या दोन-तीन वर्षांच्या पोरांपेक्षा थोडी मोठी खरी. पण माझ्या अनुभवाशी ते जुळते. अस्वलाने 'धन्यवाद' म्हटले तर चिमणीला अस्वलाची गंमत वाटे. स्वतःचा त्याच्याशी संबंध आहे, हे तिच्या ध्यानातही येत नसे. प्राण्यांची पुस्तके टाकून द्या असे मी म्हणत नाही. गमतीला ती हवीतच. पण वळणासाठी आपल्यासारखी माणसे, आपल्यासारखे घर आणि आपल्यासारखी चूल हवी.

तशी मराठी पुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' आहे. एका लहान मुलीच्या घरातल्या माणसांची ती छोटी छोटी पुस्तके. त्यात उपदेश नाही, आणि म्हणूनच ती मुलांना आवडतात. माधुरीताईंना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला 1969 सालापासून आहे आणि तिची मराठी पुस्तके परवडतील अशा किमतीला मिळतात. आपल्या गावात 1850 साली निघालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. असल्या वाचनालयाची वर्गणी एका साडीच्या फॉल-पिकोइतकीही जड वाटू नये.

पण मला सगळ्यात उपयोगी पडले ते घरी केलेले पुस्तक. जुन्या कॅलेंडरची जाड पाने मागच्या कोऱ्या बाजूने घेतली. वर्तमानपत्रांतली, लग्नपत्रिकांवरची, औषधाच्या दुकानातून आलेल्या कागदांवरची चित्रे कापली. गव्हाच्या पिठाची खळ केली आणि चिकटवली. दाभणाने भोके पाडून सुतळी ओवली. खर्च शून्य. त्यात भाजी विकणारी बाई आहे, बसमध्ये उभे असलेले आजोबा आहेत, पाटावर बसून जेवणारी मुले आहेत, रंकाळ्यावर फुगा हातातून सुटलेला एक बाळ आहे. खाली अक्षर एकही नाही. याचा मला मोठा फायदा झाला. खरे सांगायचे तर जोडाक्षरे आली की मी वाचताना अडखळते, आणि मोठ्याने वाचायची लाज वाटत असे. चित्र वाचायला जोडाक्षरे लागत नाहीत. जिला लिहितावाचता येत नाही अशी आजीसुद्धा हे पुस्तक नातवाला वाचून दाखवू शकेल.

हे पुस्तक कसे वाचावे, तेही अनुभवाने शिकले. पोर पेंगलेले किंवा भुकेलेले असताना वाचू नये. एका वेळी तीनचार चित्रे पुष्कळ झाली. पाने मुलाला उलटू द्यावीत. उलटी धरली तरी चालेल. चित्राचे तात्पर्य आपण सांगू नये. "हे आजोबा उभे का आहेत गं?" असे विचारावे आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे सगळ्यात अवघड! दोन वर्षांचे पोर उत्तर द्यायला वेळ लावते. ते जे सांगेल ते चुकीचे म्हणू नये. चिमणी म्हणाली होती, "आजोबांच्या बुडाला लागलंय." मी म्हटले, "असेल बाई. मग काय करावं?" ती म्हणाली, "मांडीवर बसवावं." जागा देणे म्हणजे आणखी दुसरे काय असते? एकच पुस्तक पन्नास वेळा मागितले तर पन्नास वेळा वाचावे. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही. आणि पुस्तकात पाहिलेले पाहुण्यांपुढे करून दाखवायला लावू नये. "म्हण, म्हणून दाखव, नमस्कार कर" असे केले की पोर पदराआड लपते आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

आता मूळ गोष्टीकडे येते.

त्या घरच्या पुस्तकात एका पानावर डोक्यावर पाटी घेऊन उन्हातून चाललेली एक बाई आहे. चैत्रात एकदा ते पान पाहताना चिमणी म्हणाली, "हिला तहान लागली." मी म्हटले, "मग?" ती म्हणाली, "पाणी दे." मी पेन्सिलीने चित्राशेजारी एक तांब्या काढला. तांब्या वेडावाकडा आला, पण चिमणीचे समाधान झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "ही घंटागाडी हाय?"

मी म्हटले, "घंटागाडी नव्हे, बाळ. मावशी."

म्हटले खरे, पण मग तसे वागणे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "मावशी, थांबा की जरा, डबा आणते." त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हाक अशी मारलीच नव्हती. आठ दिवस मी रोज 'मावशी' म्हणत होते आणि चिमणी माझ्यामागे उभी राहून नुसते ऐकत होती. तिला मी काही सांगितले नाही. नवव्या दिवशी ती आत पळाली आणि मांडणीवरचा स्टीलचा पेला घेऊन पाण्याच्या माठाशी उभी राहिली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "तो नको गं. खिडकीतला घे."

बहिणींनो, खिडकीतला पेला कसला, ते मी तुम्हांला सांगायला नको. पुष्कळ घरी असतो तो.

चिमणीने हातातल्या पेल्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कागलची मावशी यातनंच पिती की."

कागलची मावशी म्हणजे माझी सख्खी बहीण. पोरीचा हिशोब सरळ होता. मावशी म्हटले की मावशी. तिच्यात दोन पेले कुठून आले? मला उत्तर देता आले नाही. मी तोच पेला भरून तिच्या हाती दिला. अर्धे पाणी सांडत ती दारापर्यंत गेली. मावशींनी हात पदराला पुसले, पेला घेतला आणि तोंडाला न लावता वरून पाणी प्यायल्या. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. ती आमच्यासारख्यांच्या घरांनी त्यांना लावलेली सवय होती.

आपण राजर्षी शाहू महाराजांच्या गावचे लोक. जयंतीला आपण सगळे जातो. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत नि सक्तीचे करणारे महाराज, हे आपल्या पोरांना पाठ असते. पण गंगाराम कांबळे यांची हकिकत मी त्या दिवशी पुन्हा आठवली. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून गंगाराम यांना मार खावा लागला होता. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभे केले. त्यांनी चहाचे दुकान काढले, तर तिथे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानापुढे उभी करून त्यांच्या हातचा चहा स्वतः प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. महाराजांनी तिथे भाषण केले असते, तर लोकांनी मान डोलावून घरची वाट धरली असती. त्यांनी चहा पिऊन दाखवला. वळण लावणे म्हणतात ते हे. आणि त्याच गावात शंभर वर्षांनंतर माझ्या खिडकीत वेगळा पेला होता. तो पेला मी त्या दिवशी मांडणीवर बाकीच्या पेल्यांत मिसळून ठेवला. आज तो कोणता, हे मलाही ओळखता येत नाही.

त्याच रात्री मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात थांबवले. म्हटले, "त्या रविवारी चिमणीनं जे म्हटलं ना, ते माझ्याकडनं शिकलेलं होतं. मार उगीच खाल्ला पोरीनं." जाऊबाई भांडी पुसत होत्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अक्का, मला ते तेव्हाच कळलं होतं. हुबेहूब तुमचाच आवाज होता."

"मग मारलंस कशाला तिला?"

"तुम्हाला कसं बोलणार, अक्का?"

मी त्या उत्तराने जी खाली बसले, ती बराच वेळ बसूनच राहिले. माझ्यासाठी असलेला धपाटा पोरीच्या पाठीत बसला होता. कारण मी थोरली आणि ती सर्वांत धाकटी. विचार केला तर किती घरांत असे होत असेल! सासूला बोलता येत नाही, नवऱ्याला बोलता येत नाही, मग सगळे येऊन पडते त्या अडीच वर्षांच्या जिवावर, आणि आपण त्याला म्हणतो वळण. मी जाऊबाईंना म्हटले, "इथून पुढं मला बोलत जा. वाईट वाटेल, पण बोल." त्या हसल्या. अजून फारसे बोलत नाहीत, पण माझा आवाज चढला की नुसत्या खाकरतात. तेवढे मला पुरते.

दुसऱ्या दिवशी मी चिमणीलाही सांगितले, "बाळ, त्या दिवशी चूक मोठाईची होती." तिला तो दिवस आठवत होता की नाही, देव जाणे. ती म्हणाली, "बरं. पुस्तक वाच."

आता कोणी विचारील की, मग या साऱ्यात पुस्तकाने काय केले? पोरे तर आपले बघूनच शिकतात! खरे आहे. पण माझे मला दिसत नव्हते. सकाळच्या घाईत मी कोणाशी कशी बोलते, हे मला कोण दाखवणार? चित्राच्या पुस्तकापाशी मी दहा मिनिटे शांत बसले, पोरीचे प्रश्न ऐकले आणि त्या प्रश्नांत मला माझे तोंड दिसले. लहान मुलांना वळण लावण्यासाठी म्हणून ही पुस्तके मी आणली. त्यांनी आधी मला वळण लावले.

चिमणी आता अगदी गुणी बाळ झाली आहे असा समज करून घेऊ नका. परवाच तिने शेजारच्या बाळाचा चावा घेतला. फुटबॉलच्या दिवसांत पेठेतली पोरे काय काय बोलतात, ते तिच्या कानावर पडतेच आणि एखादा शब्द घरात येतो. मी आता लगेच हात उगारत नाही. आधी आठवून बघते की हा शब्द गल्लीतला की घरातला. बऱ्याच वेळा तो घरातलाच निघतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. वर्धापनदिनाला आपण दर वर्षी स्टीलचा डबा किंवा वाटी भेट देतो. डबे आता प्रत्येकीकडे पुष्कळ झाले. एक वर्ष प्रत्येक सभासद बाईने चित्रांचे एक पुस्तक आणावे, विकतचे किंवा घरी शिवलेले. माझी एक पत्र्याची ट्रंक आहे, ती मी मंडळाला देते. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या खोलीत ती उघडावी. गल्लीतली सगळी लहान पोरे येऊ देत, कामाला येणाऱ्या बायांचीही आणि घंटागाडीच्या मावशींची नातही. सगळी एकाच सतरंजीवर बसतील. सतरंजी अंथरायचे काम माझ्याकडे आहेच.